गिरगाव ते चैत्यभूमी : लढ्यानंतरची भाषा

गिरगाव चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. याच वाळूत १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईने त्यांना अखेरचा निरोप दिला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या सकाळी इथे फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते, समुद्र शांत असतो आणि पुतळ्याकडे कुणी मान वर करून पाहत नाही. चर्नी रोड स्टेशनचा पूल उतरून मी आधी इथेच आले, कारण मला जो प्रवास करायचा होता तो इथूनच सुरू होतो. गिरगाव, लालबाग, परळ, नायगाव, दादर. मराठी माणूस राजकारणावर बोलताना जे शब्द सहज वापरतो, त्यातले पुष्कळसे या पट्ट्यातल्या चाळींत, गिरणीच्या गेटवर आणि मैदानांत घडले, नाहीतर इथे घासून-पुसून चलनी झाले. मोठा लढा जिंकल्यावर त्याची भाषा कुणाच्या हाती जाते, हे मला त्या त्या जागी उभं राहून समजून घ्यायचं होतं.

१९०८ साली या शहरात एका संपादकाला त्याच्या मराठीबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. ‘केसरी’तल्या दोन लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. लेख मराठीत होते. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते, आणि त्यांच्यापुढे होतं ते लेखांचं इंग्रजी भाषांतर. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतःच केला. त्यांचं भाषण काही दिवस मिळून एकवीस तासांवर चाललं आणि त्यातला मोठा भाग हे भाषांतर कुठे कुठे चुकलं आहे, मूळ शब्दाचा रोख काय आहे, हे सांगण्यात गेला. निकाल सात विरुद्ध दोन असा लागला. २२ जुलैच्या रात्री न्यायमूर्ती दावरांनी शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरणी कामगारांनी शिक्षेच्या दर वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस काम बंद ठेवलं. त्या संपाची दखल लेनिनने त्याच वर्षी घेतली. त्या कामगारांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. ‘केसरी’ त्यांच्यापर्यंत पोचला होता तो कानांवाटे. खोलीत एकाने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा. ज्यांच्या हातात निकाल होता त्यांना ती भाषा येत नव्हती, आणि ज्यांना ती कळली होती त्यांना रस्त्यावर येण्यावाचून दुसरं साधन नव्हतं. पुढे दिवसभर चालताना हे चित्र मला निरनिराळ्या वेषांत दिसत राहिलं.

गिरगावात आत शिरलं की अजूनही छापखान्यांचं गाव भेटतं, निदान त्याच्या खुणा तरी. खटाववाडीत ‘मौज’, केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघ, अलीकडे प्रार्थना समाज. शांताराम चाळीच्या आवारात होमरूलच्या काळात सभा भरायच्या. ही मध्यमवर्गाची मराठी. लिहिलेली, शुद्धलेखनाची काळजी घेणारी, टीकेत धारदार. चर्नी रोडजवळ मराठी भाषा भवनासाठी जागा ठरली, २०२२ च्या गुढीपाडव्याला भूमिपूजनही झालं. गिरगावातला मराठी टक्का उतरणीला लागलेला असताना भाषेचं सरकारी घर तिथेच योजलं जावं, यात मला सदिच्छा दिसते आणि उशीरही दिसतो.

पण चौपाटी सोडण्याआधी १९५५ ची एक संध्याकाळ आठवायला हवी. २० नोव्हेंबर १९५५ रोजी काँग्रेसची सभा इथेच झाली. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल नुकताच आला होता आणि त्यात मराठी भाषकांचं मुंबईसह एक राज्य नव्हतं. मोरारजी देसाई आणि स. का. पाटील बोलायला उभे राहिले. पाच हजार वर्षं गेली तरी मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, अशा अर्थाचं पाटील बोलले आणि सभा उधळली गेली. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, विधानसभेकडे निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला आणि पंधरा माणसं गेली. पुढच्या जानेवारीत केंद्राने मुंबई स्वतःच्या ताब्यात ठेवण्याचं जाहीर केल्यावर गोळ्या थेट गिरणगावातल्या, म्हणजे लालबाग-परळच्या गिरणी वस्तीतल्या, गल्ल्यांत शिरल्या. लढ्यात गेलेल्यांचा आकडा कुणी १०५ सांगतं, कुणी १०६. त्यांना ‘हुतात्मा’ म्हटलं गेलं आणि हा शब्द तेव्हापासून मराठी माणसाच्या घरातला झाला.

लोकलने लोअर परळला उतरले. पूर्वी इथे उतरणारा माणूस पाळीच्या वेळेला धावत असायचा. आताही धावतोच, गळ्यात ओळखपत्राची दोरी असते एवढंच. फिनिक्स मिलची चिमणी शिल्लक आहे, तिच्या पायाशी मॉल आहे. तिथून पूर्वेकडे चालत करी रोड ओलांडून ‘भारतमाता’ सिनेमाच्या चौकात यायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. उजवीकडे लालबाग, डावीकडे परळ, डोक्यावर उड्डाणपूल. मसाल्याच्या दुकानांतून भाजलेल्या मिरचीचा खाट येतो, चिवड्याच्या गल्लीत तळणीचा वास येतो.

इथे राजकारणाची भाषा पुस्तकातून आली नाही. नारायण मेघाजी लोखंडे ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र चालवत होते. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या मागण्या लेखी मांडल्या. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. त्या वर्षी १० जूनपासून गिरण्यांना रविवारची सुट्टी लागली. लोखंड्यांच्या मागण्यांकडे पाहिलं तर त्यांचं बळ कळतं. आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती, पगार वेळेवर, जखमी झाल्यास भरपाई. एकही मागणी अशी नाही की जी कामगाराला दुसऱ्याकडून समजून घ्यावी लागेल.

१९२८ चा संप सहा महिने चालला. त्यातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर या कम्युनिस्ट पुढाऱ्यांनी गेट मीटिंगची भाषा घडवली. दर आठवड्याला, पुढे रोज, पाळी सुटताना गेटवर उभं राहून मालकाचा हिशेब आणि आपला हिशेब शेजारी शेजारी मांडायचा. महागाई भत्ता, बोनस, बदली, टाळेबंदी हे शब्द शाळा न पाहिलेल्या माणसाच्या तोंडी बसले ते तिथे.

पण त्या भाषेला एक मोठं भोक होतं आणि ते दाखवून दिलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत ते १९३४ पर्यंत राहिले. जवळच दामोदर हॉल. तिथल्या सभेतून १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेचा पाया घातला गेला. हॉलची वास्तू पुनर्विकासासाठी बंद झाली आहे, मी बाहेरूनच पुढे गेले. गिरण्यांतल्या साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त होता आणि तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण धोट्याच्या भोकातून सूत ओढताना ते तोंडाने चोखून घ्यावं लागे. आदल्या पाळीतल्या अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा आपल्या तोंडाला लावायला सवर्ण कामगार तयार नव्हता. हा भेद संपवण्याची मागणी तुमच्या यादीत घ्या, असा आग्रह बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात धरला. ‘कामगार’ म्हणताना त्यात कोण कोण धरलं जातं, हा प्रश्न त्यांनी धोट्याच्या त्या भोकापाशी आणून ठेवला. लाल बावट्याचा मी आदर करते, पण या प्रश्नाला त्याने मनापासून उत्तर दिलं असं मला म्हणता येत नाही. तरी १९३८ साली, ७ नोव्हेंबरला, संपाच्या हक्कावर टाच आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले, आणि गिरणगाव त्या दिवशी बंद राहिलं.

संयुक्त महाराष्ट्राचा लढा उभा राहिला तेव्हा ही सगळी शिदोरी तयार होती. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तिच्यात कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक होते. १५ नोव्हेंबर १९५६ ला आचार्य अत्र्यांचं ‘मराठा’ दैनिक निघालं. अत्र्यांची लेखणी गिरगावातली मराठी घेऊन गिरणगावात उतरली आणि चाळीच्या नळावर वाचली जाऊ लागली. अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ पासून चालवलेल्या लाल बावटा कलापथकाचा आवाज मैदाना-मैदानांत घुमला. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब पटेल. अण्णाभाऊ वाटेगावचे, मातंग समाजातले, शाळेत फार न गेलेले. मराठी राज्याची मागणी लोकांच्या गळी उतरवणारे गळे हे होते, हे आज भाषेच्या नावाने भाषण करणाऱ्याने लक्षात ठेवावं.

अण्णाभाऊंनी काय केलं ते ‘माझी मैना गावावर राहिली’ या छकडीत स्पष्ट दिसतं. गिरणी कामगाराची बायको गावी असे. कोकणात, घाटावर. दहा बाय बाराच्या खोलीत दहा-पंधरा पुरुष पाळीपाळीने झोपत, जेवण खानावळीत. त्या विरहाच्या सुरात अण्णाभाऊंनी बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव आणून बसवले. सीमाप्रश्न नकाशावर दाखवायची गरजच उरली नाही. बायको गावी ठेवून आलेल्या प्रत्येक माणसाला तो आपोआप कळला. राज्यशास्त्राचं पुस्तक हे काम कधी करू शकलं नसतं. म्हणूनच मागणी ‘मराठी’ होती आणि ती ‘कामगारां’ची होती, या दोहोंत त्या चार-पाच वर्षांत कुणाला विरोध दिसला नाही. हुतात्मा चौकातल्या स्मारकात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत, ते त्यामुळेच.

१ मे १९६० ला राज्य झालं. कामगार दिनीच.

मग ‘मराठी’ आणि ‘कामगार’ या जोडीची फाटाफूट झाली. ती कशी झाली हे लालबागमध्ये उभं राहून सांगायला जड जातं. १३ ऑगस्ट १९६० ला दादरच्या बालमोहन शाळेत यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते बाळ ठाकरे यांच्या ‘मार्मिक’ साप्ताहिकाचं प्रकाशन झालं. काही वर्षांनी त्यात मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या बिगरमराठी अधिकाऱ्यांच्या याद्या यायला लागल्या. डोक्यावर ‘वाचा आणि थंड बसा’, नंतर ‘वाचा आणि उठा’. १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली, ३० ऑक्टोबरला शिवाजी पार्कवर पहिला मेळावा झाला. राज्य मिळूनही मराठी तरुणाला नोकरी मिळत नव्हती, ही तक्रार खरी होती आणि ती कुणीतरी स्वच्छ शब्दांत मांडायलाच हवी होती. समितीतले पक्ष विजयानंतर आपापल्या घरी गेले होते, त्यांनी ती मांडली नाही. पण नवी भाषा समोर आणत होती ते नाव मालकाचं नव्हतं, दिल्लीचंही नव्हतं. ते होतं पलीकडच्या टेबलावर बसणाऱ्या दाक्षिणात्य कारकुनाचं. ‘मराठी कामगार’ या जोडशब्दातला कामगार मागे पडला आणि ‘मराठी माणूस’ पुढे आला. ५ जून १९७० ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागमध्ये खून झाला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई हरल्या आणि वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. दहा वर्षांत गिरणगावाची राजकीय भाषा बदलली ती अशी, आणि त्या बदलाला रक्ताचा डाग आहे.

बायकांनी मात्र या काळात स्वतःची भर घातली आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. गिरणगाव जेवत होतं ते खानावळवाल्यांच्या हातचं. एकेक बाई वीस-वीस माणसांचे डबे करायची, पण युनियनच्या हिशेबात ती कामगार नव्हती. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा या बायकांच्या श्रमाला पहिल्यांदा नाव मिळालं. त्याच सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी आंदोलनात बायका लाटणी घेऊन आणि थाळ्या वाजवत रस्त्यावर आल्या. लाटणं मोर्चा. पोलिसांना, मंत्र्यांना, वार्ताहरांना त्याचा अर्थ कुणी सांगावा लागला नाही.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या घरात कामगार संपावर गेले. हा संप आजवर कुणी अधिकृतपणे मागे घेतलेला नाही. तो चिरडला गेला त्याची कारणं अनेक आहेत, पण भाषेशी थेट संबंध असलेलं कारण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात आहे. या कायद्याप्रमाणे एका उद्योगात, एका भागात, एकच प्रातिनिधिक युनियन. वाटाघाट तिनेच करायची. ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. अडीच लाख माणसं सामंतांच्या मागे उभी होती आणि कायद्याच्या लेखी ती काहीच बोलत नव्हती.

लालबागच्या एका नाक्यावर काळा फळा आहे. या भागात असे वार्ताफलक पूर्वीपासून आहेत. खडूने सुबक अक्षरांत बातमी, निषेध, श्रद्धांजली, अभिनंदन. त्या दिवशी फळ्यावर चाळीच्या सभेची सूचना होती. ‘३३(७) अंतर्गत पुनर्विकास. संमतीपत्रे. सर्व भाडेकरूंनी उपस्थित राहावे.’ शेजारच्या बाकावर बसलेल्या एका वयस्क गृहस्थांशी बोलायला लागले. आयुष्य साचेखात्यात गेलेलं, संपानंतर वर्षानुवर्षं पहारेकऱ्याची नोकरी.

“काका, ३३(७) म्हणजे काय ते तुम्हाला कुणी समजावून सांगितलं?”

“बिल्डरच्या माणसानं.”

“आणि तुमच्याकडून कुणी?”

“आमच्याकडून कोण सांगणार, ताई? मिल चालू होती तेव्हा महागाई भत्त्याचा पैसा न् पैसा आम्हाला तोंडपाठ. गेटवर वाचून दाखवायचे ना. आता चटई क्षेत्र, फंजिबल, कॉर्पस. पोरगा म्हणतो सही करा, म्हणून करायची.”

उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाचा हा नियम. त्याला आता ५१ टक्के भाडेकरूंची संमती पुरते. म्हणजे कागद न कळलेल्या माणसाची सही शेजाऱ्याच्याही घराचा निकाल लावते.

याहून मोठा निकाल गिरण्यांच्या जमिनीचा लागला. सुमारे सहाशे एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, असा अर्थ झाला. गिरणीचं बांधकाम पाडून जी जमीन मोकळी होईल ती वाटणीतून सुटली. गिरणी म्हणजे जवळजवळ सगळं बांधकामच. त्यामुळे शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याला काही तुकडे उरले. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दुरुस्तीविरुद्ध कौल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. १९५६ साली ज्या गल्ल्यांनी गोळ्या झेलल्या, त्या गल्ल्यांना २००१ ची ही दुरुस्ती झाली तेव्हा कळलीसुद्धा नाही. तिच्यावर एक गेट मीटिंग झाली नाही, कारण गेटच उरले नव्हते. पुढे कामगारांनी घरांसाठी पुन्हा मोर्चे काढले, सोडती निघाल्या. २०२० च्या सोडतीत ३,८९४ घरं होती आणि अर्ज करणारे कामगार व वारस दीड लाखांच्या आसपास. ‘सोडत’, ‘पात्रता’, ‘वारस’ ही गिरणी कामगाराची आजची राजकीय भाषा आहे. मागणारा माणूस अर्जदार झाला.

परळ नाक्यावरून भोईवाड्याच्या बाजूने नायगावला चालत गेले. इथल्या बंगाली हायस्कूलमध्ये १९५८ साली पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं आणि अण्णाभाऊंनी त्याचं उद्घाटन केलं. जग दलितांच्या आणि कष्टकऱ्यांच्या श्रमावर उभं आहे, हा त्या भाषणाचा गाभा. चौदा वर्षांनी, १९७२ मध्ये, नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी दलित पँथर काढली. सभ्य मराठीने ज्या वस्त्यांकडे पाठ फिरवली होती त्यांची बोली ढसाळांनी कवितेत आणली. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी ढाल्यांनी ‘साधना’त ‘काळा स्वातंत्र्यदिन’ लिहिला आणि महाराष्ट्रभर वादळ उठलं. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीत दंगल पेटली, त्यानंतर परळला निघालेल्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले.

सरकारी मराठीचं कामही याच काळात चालू होतं. १९६० साली भाषा संचालनालय, १९६२ साली पदनामकोश, १९६४ साली राजभाषा अधिनियम. कोशाला ‘बदनामकोश’ म्हणून हिणवलं गेलं. मला ती टीका पूर्ण पटत नाही. आयुक्त, सचिव, संचालक, अभियंता हे शब्द आज कुणाला टोचतात? शिवाजी पार्कजवळ राहणाऱ्या सावरकरांनी दिलेला ‘महापौर’ही असाच रुळला. वापरला की शब्द मऊ होतो. २०२२ मध्ये महापालिकांनाही मराठी सक्तीची करणारा कायदा झाला. पण ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ मराठीत छापला म्हणून लालबागच्या काकांना कळत नाही. सरकारने भाषांतर केलं आणि आपलं काम झालं असं मानलं. २०२५ च्या जूनमध्ये शाळेत पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून शहर ढवळून निघालं, शासन निर्णय मागे घ्यावे लागले. त्या रागाशी मी सहमत आहे. तेवढाच राग मराठीत असूनही न कळणाऱ्या करारनाम्यावर निघाला असता, तर मला जास्त आनंद झाला असता.

शिवाजी पार्कला पोचले तेव्हा बाबासाहेबांच्या स्मृतिदिनाची, ६ डिसेंबरची, गर्दी जवळच्या चैत्यभूमीसाठी जमायला लागली होती. परभणी, अकोला, नांदेड, चंद्रपूरहून आलेली माणसं. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, डोक्यावर गाठोडी. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना सांगते, इथे सगळ्यात मोठी रांग असते ती पुस्तकांच्या स्टॉलची. सरकारने १९७९ पासून छापलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे जाड खंड, पाच-दहा रुपयांच्या पुस्तिका, ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’मधले अग्रलेख, आणि ‘भारताचे संविधान’. एका स्टॉलवर साठीतल्या एक बाई संविधानाची प्रत चाळत होत्या. अक्षर लावत, बोटाने ओळ धरून वाचत होत्या. सोबतच्या मुलीला म्हणाल्या, “सतरावं कलम काढ गं, अस्पृश्यतेचं. मागच्या वर्षीच्या पुस्तकात बारीक होतं, मला दिसंना.” विक्रेत्याने पान काढून दिलं. बाईंनी ते मोठ्याने वाचलं, आजूबाजूचे तीन-चार जण थांबून ऐकत राहिले.

संविधानाची मराठी काही सोपी नाही. ‘अनुच्छेद’सारखे शब्द त्यात पानोपानी आहेत. तरी ती भाषा या लोकांची झाली, कारण १९५६ पासून विहारात, वस्तीत, जयंतीच्या मंडपात ती वाचली गेली, समजावली गेली, पाठ केली गेली. इथे लढ्याची भाषा लढ्याबरोबर संपली नाही. ती कुणी सरकारवर सोपवली नाही, पक्षावर तर नाहीच. गिरणगावात गेट मीटिंग बंद पडली आणि कायद्याची भाषा परकी झाली. चैत्यभूमीच्या लोकांनी वाचन चालू ठेवलं आणि कायद्याची भाषा त्यांची झाली. चैत्यभूमीच्या शेजारीच इंदू मिल. एकेकाळची कापड गिरणी, आता तिथे बाबासाहेबांचं स्मारक उभं राहतं आहे. गिरणीची ही एक जमीन लोकांनी मागून घेतली आणि मिळवली, याचं मला नवल वाटलं नाही.

लालबाग, परळ, नायगाव, गिरगाव या भागांत आज चाळीचाळीतून करारनाम्यांवर सह्या घेतल्या जात आहेत. तिथे राहणाऱ्या, शिकलेल्या मुला-मुलींना माझी विनंती आहे. सहीच्या आधी बिल्डरकडून करारनाम्याची मराठी प्रत मागा. एका रविवारी चाळीच्या चौकात सतरंजी अंथरा आणि पहिल्या कलमापासून शेवटच्यापर्यंत तो मोठ्याने वाचा. म्हाताऱ्या माणसांना पुढे बसवा. न कळलेला शब्द आला की तिथेच थांबा, फळ्यावर लिहा, जाणकाराला बोलावून अर्थ लावून घ्या. एका बैठकीत होणार नाही, दोन घ्या, चार घ्या. वाचन पुरं होईपर्यंत कुणालाही सही करू देऊ नका.